खेळाचे अंदाजपत्रक

पुसेगाव म्हटले की बहुतेक वाचकांस सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवेल. आम्ही म्हणतो ते पुसेगाव निराळे. ते मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात आहे, आणि वर्तमानपत्रांतून त्याचे नाव क्वचितच येते. काळीभोर जमीन, सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ही पिके, नामदेवांची म्हणून प्रसिद्ध असलेली नर्सी याच मुलखात. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता व १९९९ च्या मे महिन्यापर्यंत परभणी जिल्ह्यात. आमचे आजोळ या बाजूचे असल्यामुळे वर्षा-दोन वर्षांतून आमची एखादी फेरी तिकडे होते. गेल्या फेरीत आम्हांस एक काम सांगण्यात आले. पाच हजार रुपये कसे खर्च करावेत, याचा सल्ला आमच्याकडे मागितला गेला.

रक्कम ऐकून काही वाचक हसतील. शहरातील सुखवस्तू घरांत एका मुलाच्या पोहण्याच्या किंवा टेनिसच्या शिकवणीस याहून अधिक पैसे एका हंगामात जातात, आणि ते देणाऱ्यांत आम्हीही आहो. परंतु येथे पाच हजार एका मुलाचे नव्हेत, एका शाळेचे आहेत, व तेही एका वर्षाचे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस वर्षाकाठी ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० आणि त्यापुढील शाळांस २५,००० पर्यंत, असे प्रमाण घालून देण्यात आले. साठ मुलांची शाळा धरली तर दर मुलामागे त्र्याऐंशी रुपये होतात. पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षातून निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असे शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो. त्या हिशोबाने एका मुलाच्या एका दिवसाच्या खेळास बेचाळीस पैशांहूनही कमी येतात. आजच्या बाजारात बेचाळीस पैशांस काय मिळते हे आम्ही सांगावयास नको.

असे असता या पैशाची योजना काय करावयाची, आला तसा खर्चून टाकावा, असे म्हणणारे भेटतात. आमचे मत अगदी उलट आहे. ज्याच्याकडे पाच लाख आहेत त्याचे दहा-वीस हजार चुकीच्या जागी गेले तरी मैदानावरच्या मुलांस त्याची झळ लागत नाही. ज्याच्याकडे पाचच हजार आहेत त्याने एक चूक केली की साठ मुलांचे वर्ष गेले.

आमच्या समाजात शरीराचा गौरव कमी झाला असे कोणी म्हणू नये. भाषणे पुष्कळ होतात. लोकमान्य टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यात घालविले, ही कथा बक्षीससमारंभांतून आम्ही स्वतः इतक्या वेळा ऐकली आहे की ती सांगणाऱ्या पाहुण्याने आपल्या मुलास असे एक वर्ष कधी दिले होते काय, हे विचारण्याचा मोह आवरावा लागतो. कार्यही झाले आहे. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली व्यायामशाळा काढली, आणि तिच्यातून वाढलेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांस करून दाखविले. मुंबई इलाख्यात १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र संस्था निघाली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारास आपल्या संस्थानच्या शाळांत स्थान दिले; त्यास एका पैशाचेही साहित्य लागत नव्हते. परंतु या साऱ्या प्रवाहाचे पाणी खेड्यातील पहिली-दुसरीच्या मुलापर्यंत फार थोडे पोहोचले. तालमी तरुणांच्या, संस्था शिक्षकांच्या, स्पर्धा निवडक खेळाडूंच्या. सहा वर्षांच्या मुलास मिळाली ती कवाईत, म्हणजे रांगेत उभे राहून हात वर-खाली करणे.

कायद्यातही हाच कल दिसतो. शाळेस मैदान असावे, प्रत्येक वर्गास लागेल तसे खेळाचे साहित्य असावे, असे शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. परंतु शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळावयाचा तो सहावी ते आठवीच्या वर्गांस, व तोही पटसंख्या शंभरावर असेल तर. साठापर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक. त्या दोघांनी पाच इयत्ता, पोषण आहार, नोंदवह्या व सभा सांभाळून जो वेळ उरेल त्यात खेळ घ्यावयाचा. असा वेळ उरतो की नाही, हे ज्यांनी दोन शिक्षकांची शाळा पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे. तेव्हा खेड्यातील प्राथमिक शाळेच्या खेळात सर्वांत महाग वस्तू चेंडू नव्हे, शिक्षकाची चाळीस मिनिटे होय. आणि अंदाजपत्रकात तिचा रकाना नसतो.

आम्हांस सल्ला विचारणारे गृहस्थ आमचे जुने विद्यार्थी. पुसेगावच्या बाजूच्या एका लहानशा वस्तीवर ते मुख्याध्यापक आहेत. वस्तीचे व शाळेचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. त्यांनी दुकानदाराकडून आणलेली यादी आमच्यापुढे ठेवली. क्रिकेटचा एक संच, कॅरमचे दोन बोर्ड, एक फुटबॉल, एक व्हॉलीबॉल व जाळे. बेरीज बरोबर पाच हजारांच्या आत, पावतीसह. आम्ही त्यांस विचारले, "मागल्या वर्षीचे सामान कोठे आहे?" त्यांनी कपाट उघडले. सारे सामान होते. चेंडूस माती लागलेली नव्हती.

"सर, हे डेडस्टॉकला चढलेले आहे," ते म्हणाले. "फुटले तर रेकॉर्डला काय लावू?"

हा प्रश्न हास्यास्पद नाही. सरकारी पैशाने आलेली वस्तू नोंदवहीत चढते. ती मोडली तर तिचे निर्लेखन करावे लागते. निर्लेखनास ठराव, अर्ज आणि मंजुरी लागते. आणि तपासणीस आलेला अधिकारी वस्तू आहे की नाही हे पाहतो, ती वापरली की नाही हे पाहत नाही. अशा स्थितीत सावध मनुष्य काय करील? तो चेंडूस कुलूप लावील. जी वस्तू झिजण्यासाठीच जन्मास आली, तिला न झिजू देण्यात शाळेची अब्रू आहे असे ज्या पद्धतीने ठरविले, ती पद्धत कोणा एका मनुष्याची नव्हे, आणि म्हणून तिच्यावर रागावण्यातही फारसे समाधान नाही. पण उपाय आहे. खडू जसा खपाच्या वस्तूंत लिहितात तसा रबरी चेंडू व उडीची दोरी खपाच्या वस्तूंत लिहावी, आणि वर्षअखेर त्या शिल्लक नसाव्यात हाच योग्य वापराचा पुरावा मानावा. शाळा व्यवस्थापन समितीने वर्षाच्या आरंभी तसा ठराव केला तर मुख्याध्यापकाच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, व तिनेच शाळेचा विकास आराखडा तयार करावा, असे कायदा सांगतो. हा अधिकार कागदावर मोठा आहे, वापरणारे कमी.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या कडुनिंबाखाली घड्याळ घेऊन बसलो. चौथी-पाचवीची मुले क्रिकेट खेळत होती. बॅट मुलांनी घरून आणलेली होती. चाळीस मिनिटांच्या तासात आम्ही फक्त एवढेच मोजले, की कोणत्याही एका क्षणी किती मुले हालत आहेत. टाकणारा, मारणारा आणि चेंडूमागे धावणारा, म्हणजे तीन. क्वचित चार. उरलेली उभी. पहिली-दुसरीची मुले ओट्यावर बसून पाहत होती. मुलींपैकी एकही मैदानावर नव्हती. त्यांतली एक, चौथीतली असावी, कडेवर धाकट्या भावाला घेऊन खांबाला टेकली होती. आई-बाप शेतात गेले की धाकटे भावंड थोरलीबरोबर शाळेत येते, ही तिकडील नित्याची रीत.

नंतर आम्ही मुख्याध्यापकांस खो-खो घेण्यास सांगितले. खुंट्यांऐवजी दोन मुले उभी केली आणि रेषा फक्की नव्हती म्हणून राखेच्या मारल्या. आठ बसलेले, एक धावणारा, तीन पळणारे. संघ बदलले, मुली आल्या, मधल्या रांगेत उठ-बस सुरू झाली. दहा मिनिटांत मुले धापा टाकू लागली. साहित्याचा खर्च शून्य. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे पुरुषांचे व स्त्रियांचे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. एवढे होऊनही दुकानदाराच्या यादीत खो-खोच्या दोन खुंट्या नव्हत्या, याचे कारण उघड आहे. त्या सुताराकडेही होतात, दुकानातूनच घ्याव्या लागतात असे नाही.

येथे इंग्लंडचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. बोअर युद्धाच्या वेळी भरतीस आलेले कितीतरी तरुण शरीराने निकामी ठरले, तेव्हा तेथील राज्यकर्त्यांस प्राथमिक शाळांतील मुलांच्या देहाची आठवण झाली. शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १९०४ साली निघाला. तो सैन्याचा स्वार्थ होता. पुढे २०१२ चे ऑलिंपिक लंडनला झाल्यावर, २०१३ पासून, त्यांनी प्राथमिक शाळांस खेळासाठी वेगळे अनुदान सुरू केले आणि २०१७ साली ते दुप्पट केले. सोळाहून अधिक मुलांच्या शाळेस १६,००० पौंड व शिवाय दर मुलामागे दहा पौंड. आकड्यांची तुलना करून जीव जाळण्यात अर्थ नाही. त्या अनुदानास जोडलेल्या अटी मात्र आम्हांस पैशाहून मोलाच्या वाटल्या. शाळेने पैसा कसा खर्च केला व त्याचा मुलांवर काय परिणाम झाला हे दरवर्षी सर्वांस दिसेल असे प्रसिद्ध करावयाचे. आज केलेल्या खर्चाचा लाभ पुढे येणाऱ्या मुलांसही मिळाला पाहिजे. आणि प्राथमिक शाळा सोडणाऱ्या मुलांपैकी किती जण पंचवीस मीटर नीट पोहू शकतात, तेही सांगावयाचे. चेंडू किती घेतले याहून मुलास काय येऊ लागले, हा प्रश्न तेथे अधिक मानाचा ठरला. त्यांच्याही शाळांत हा पैसा कधी वाया गेला नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न योग्य होता. पोहण्याची गोष्ट तर आपल्याकडे अधिक जिव्हाळ्याची. विहिरी, तळी आणि आता शेततळी यांच्या काठी वाढणाऱ्या मुलास पोहता येणे हा छंद नव्हे. तथापि दोन शिक्षकांच्या शाळेने ते शिकवावे असे सुचविण्याचे धाडस आम्हांस झाले नाही. विहिरीवर साठ मुले नेणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो.

मग आमची योजना काय? संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या ओसरीवर बसून आम्ही दोघांनी दुकानदाराची यादी बाजूस ठेवली व कागदावर वस्तूंऐवजी मुले लिहिली: आज कोण खेळत नाही आणि का. पहिली-दुसरीची मुले, कारण त्यांच्या हाताला बसेल असा चेंडू नाही. मुली, कारण मैदान मोठ्या मुलांनी व्यापलेले असते. जुलै ते सप्टेंबर कोणीच नाही, कारण मैदान नाही. या शेवटच्या ओळीवर आमचा सर्वांत अधिक वेळ गेला, आणि तसा तो जावयासच हवा होता.

काळ्या जमिनीचा स्वभाव ज्यांनी पाहिला नाही त्यांस हे समजावून सांगणे अवघड आहे. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, चप्पल ओढून घेते. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की लहान मुलाचा पाय आत जावा. शाळेचे वर्ष सुरू होते ते नेमके पहिल्या पावसात, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीस निघालेल्या आई-बापांबरोबर कित्येक मुले गाव सोडून जातात. म्हणजे ज्या मुलांस खेळाची सर्वांत अधिक गरज, ती शाळेत असतात तेव्हा मैदान चिखलात, आणि मैदान कोरडे होते तेव्हा ती मुले कारखान्याच्या फडावर. तेव्हा पहिला खर्च मैदानाचा. साऱ्या मैदानाचा नव्हे. तेवढे सामर्थ्य नाही. खो-खोस २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा लागते. लहान मुलांस याहून कमी चालते. एवढ्याच तुकड्यावर मुरूम घालावा, तो मध्ये किंचित उंच ठेवावा, आणि कडेने पाणी जावयास चर खणावा. क्रीडासाहित्याच्या अनुदानातून मुरूम घेता येत नाही, कारण मुरूम साहित्य नव्हे. तो ग्रामपंचायतीकडून किंवा लोकवर्गणीतून आणावा लागेल. गावात ट्रॅक्टर आहेत, आणि देवळाच्या कामास ते एका शब्दावर येतात. शाळेच्या कामास येतील की नाही, हे कोण विचारावयास जातो यावर आहे. आम्ही समितीतील स्त्रियांस पुढे करण्यास सांगितले.

पाच हजारांतील मोठा वाटा लहान वस्तूंवर: हातात मावतील असे रबरी व कापडी चेंडू, प्रत्येक दोन मुलांमागे एक, सुताच्या दोरखंडाचे बिंडे घेऊन गावातच कापलेल्या उड्यांच्या दोऱ्या, सुताराकडून खो-खोच्या खुंट्या, फक्कीचे पोते, मलमपट्टीची पेटी. लेझीम आम्ही आग्रहाने घातले. त्यास मैदान कोरडे असावे लागत नाही, ओट्यावर चालते, आणि लाजणाऱ्या मुलाचा संकोच तालात जातो. क्रिकेटचा संच काढून टाकला, यावर मुख्याध्यापक थोडे हिरमुसले. निदान एक हजार रुपये वर्षाच्या मध्यासाठी राखून ठेवावेत, असेही ठरले. पण पैसा कधी कधी आर्थिक वर्ष सरता सरताच हाती पडतो आणि मार्चअखेर खर्चून दाखवावा लागतो, असे त्यांनी सांगितले. तसे झाल्यास राखीव रकमेऐवजी राखीव चेंडू ठेवावे लागतील. शाळेच्या किरकोळ व आवर्ती खर्चासाठी जे संयुक्त अनुदान येते त्यातूनही खेळाचे साहित्य घेता येते. परंतु त्याच पैशात वीज, पाणी, स्वच्छता व खडू भागवावयाचे असल्यामुळे खेळाची पाळी शेवटी येते.

स्पर्धेसाठी निवडलेल्या दहा मुलांच्या रंगीत गणवेशाची ओळ मात्र आम्ही खोडली. वाद झाला. गावास चषक हवा असतो. चषकाचे छायाचित्र निघते. साठ मुलांच्या धापा टाकण्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. आम्ही चषकाचे वैरी नाही. एका मुलातून मोठा खेळाडू निघणे हे गावाचे भाग्य; पण प्राथमिक शाळेच्या पैशावर पहिला हक्क न निवडलेल्या पन्नासांचा आहे, आणि पहिलीतल्या साठांस खेळावयास मिळाले तरच पाचवीतल्या दहांची निवड करण्यात काही तथ्य राहील. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज साठ मिनिटे अंग मोडून हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मिनिटे निवडक मुलांपुरती सांगितलेली नाहीत.

राहिली शिक्षकाची चाळीस मिनिटे. त्यासाठी पैसा नाही, निदान नावाने नाही. बालभारतीने लहान इयत्तांसाठी 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक काढले आहे. ते शाळेत होते, वापरलेले होते, आणि त्यातील कित्येक खेळ दोन इयत्ता एकत्र घेऊन खेळता येतात. पण पुस्तकातून कोणी खो-खो शिकत नाही. शेजारच्या गावात खो-खो खेळलेला एखादा तरुण पदवीधर शेती करीत बसलेला असतोच. त्याला महिन्यातून दोन शनिवारी बोलवावे, जाण्यायेण्याचा खर्च वर्गणीतून द्यावा, आणि त्याने मुलांबरोबर त्या दोन शिक्षकांसही तयार करावे. पुढच्या वर्षी तो आला नाही तरी शिकलेले राहील. कडेवर भाऊ असलेल्या मुलीची अडचण तर कोणत्याच शीर्षाखाली बसत नव्हती. ती सोडविली मुख्याध्यापकांच्या पत्नीने: खेळाचा तास अंगणवाडीच्या वेळेत घ्या, म्हणजे धाकटी भावंडे तेवढा वेळ तिकडे बसतील. एका ओळीचा बदल वेळापत्रकात. आम्ही दोन पदवीधर तास दीड तास कागदावर आकडे मांडीत बसलो होतो, त्या चहा ठेवण्यास आल्या आणि हे सांगून गेल्या.

नुकतेच त्यांचे पत्र आले आहे. समितीच्या सभेत योजना वाचून दाखविली; चेंडू व दोऱ्या खपाच्या वस्तू धरण्याचा ठराव झाला; खर्चाचा तक्ता शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगविण्याचे ठरले, त्यात वस्तूंच्या खाली आठवड्यातून खेळलेल्या तासांचा रकाना आहे. मुरुमाच्या चार ट्रॉल्या मिळाल्या, पाचवीचा शब्द आहे. लेझमाबद्दल एका पालकाने हरकत घेतली, त्याचा आवाज पाचवीच्या अभ्यासाच्या आड येईल म्हणून. तेव्हा ते शेवटच्या तासास ठेवले. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मैदान व चेंडू गावातील मुलांस खुले ठेवावेत असे स्त्री सभासदांचे म्हणणे पडले, आणि ते मान्यही झाले. कपाटाची किल्ली त्या वेळी कोणाकडे राहावी, एवढा प्रश्न मात्र पुढील सभेवर टाकला आहे.